सत्तेचाळीस नंबरसमोरची खूण

थॉर्नबेकची डोंगरशर्यत ही शहाण्या माणसानं घरात शेकोटीजवळ बसून ऐकायची गोष्ट. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी, मग आभाळातून काहीही पडत असो, सव्वाशे माणसं अर्ध्या चड्ड्या घालून गावच्या हिरवळीवर जमतात. मेंढ्यासुद्धा नाइलाज म्हणून जातात त्या वाटेनं ती कोल्डरिगच्या माथ्यावर धावत जातात, वरच्या दगडांच्या राशीला वळसा घालतात आणि पलीकडच्या कड्यांवरून गुडघे फोडून घेत खाली उतरतात. पहिल्याला मधाची बरणी मिळते. शेवटच्याला सगळ्यांत मोठ्या टाळ्या मिळतात, आणि गावात त्या टाळ्यांची किंमत मधाहून जास्त.

एनिड कॅपस्टिक या शर्यतीत एकदाही धावली नव्हती. पस्तीस वर्षं गावच्या वाड्यावस्त्यांवर पायी टपाल वाटलेल्या बाईला फुकट धावण्याची हौस कशी असणार? पण गेली एकतीस वर्षं माथ्यावरची जागा तिची होती. सकाळी नऊला ती चहाचा थर्मास, नंबरांची यादी आणि वॉकीटॉकी घेऊन निघायची, दगडांच्या राशीच्या आडोशाला उभी राहायची आणि जो जो वर येईल त्याच्या नंबरसमोर खूण करायची. काम एवढंच. पण खाली सगळा भरवसा त्या खुणांवर असायचा. या शर्यतीत आखून दिलेली वाट नाही. मेंढवाड्यापाशी एक माणूस, माथ्यावर एनिड आणि शेवटी गावची हिरवळ, या तीन जागा चुकवायच्या नाहीत. मधल्या रानात कोणी कुठूनही जावं. प्रत्येक जुन्या गड्याची स्वतःची एक चोरवाट असते आणि ती तो सख्ख्या भावालाही सांगत नाही. त्यामुळे माणूस हरवला तर तो कुठल्या दोन जागांच्या मधे हरवला, हे एकट्या यादीलाच ठाऊक.

पाऊस-वाऱ्यात छातीवरचा नंबर जाकिटाखाली झाकला जातो. म्हणून माथ्यावर आलं की नंबर ओरडून सांगायचा, असा नियम. हा नियम एनिड परक्यांना लावायची. गावच्या माणसाला नंबर विचारणं तिला अपमान वाटायचा, त्याचाही आणि स्वतःचाही. "नंबर पाव्हण्यांसाठी असतात," असं ती म्हणायची. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी ती धावण्यावरून माणूस सांगायची. एका वर्षी दाट धुक्यात तिनं नुसत्या खोकल्यावरून डेअरीवाला ओळखला होता. ही गोष्ट गावच्या दारूच्या गुत्त्यात दर वर्षी सांगितली जाई, आणि एनिड दर वर्षी ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐके.

क्लेम ॲल्डरसनला तर तिनं झोपेतही ओळखलं असतं. क्लेम सदुसष्ट वर्षांचा, कुंपणाचे दगडी गडगे रचणारा. सगळ्या खोऱ्यात त्यानं रचलेला गडगा कुठला आणि दुसऱ्या कोणाचा कुठला, हे मेंढ्यांनाही कळतं, असं तो स्वतःच सांगायचा. पाच वर्षांपूर्वी त्याची बायको गेली आणि त्याच दिवशी, कबरीवरची माती ओली असतानाच, त्याचं आणि मुलाचं कडाक्याचं भांडण झालं. मुलगा, रोवन, लीड्सला निघून गेला तो परत आला नाही. तेव्हापासून क्लेम रविवारी दुपारी एनिडकडे जेवायला यायचा. तो तिच्या अंगणाचा गडगा नीट करायचा, ती त्याच्या कोटाची बटणं लावायची. याला काय म्हणायचं ते दोघांनी ठरवलं नव्हतं आणि गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. एनिडचा त्याच्यावर जीव होता. सत्तराव्या वर्षी ही गोष्ट लपवायला लागते आणि लपवायची गरजही नसते, असं काहीतरी विचित्र तिचं चाललेलं असे.

त्याचं धावणं म्हणजे एक तमाशाच होता. डावा खांदा पडलेला, आणि उजवा हात कोंबड्या हाकल्यासारखा बाहेर उडायचा. दर वर्षी माथ्यावर पोचला की तो ओरडायचा, "काय गं म्हातारे, जिवंत आहेस का अजून?" आणि ती ओरडायची, "तुला पुरून मगच जाईन!"

या वर्षी अकरा वाजता, शर्यत सुटायच्या तोंडाला, वॉकीटॉकीवर ग्रॅहमचा आवाज आला. ग्रॅहम टेलफर म्हणजे शर्यतीचा सगळा कारभार बघणारा, शाळेचा निवृत्त मास्तर.

"एनिड, पाच जण आयत्या वेळी आलेत. एकशे एकतीस ते एकशे पस्तीस. यादीत खाली लिहून घे."

"नावं?"

"नावं खाली आलीस की सांगतो. एक गंमत आहे."

"ग्रॅहम, नावं दे. इथं वारा कान कापतोय, गमती कसल्या करतोस?"

"तुला कशाला हवीत नावं? तू तर खोकल्यावरून ओळखतेस," असं म्हणून तो हसला आणि वॉकीटॉकी बंद झाला.

साडेअकराला धुकं आलं. कोल्डरिगवर धुकं चढत नाही, ते एकदम असतं. आधी खालचा मेंढवाडा गेला, मग पन्नास पावलांवरचा खडक गेला, मग एनिडला स्वतःच्या थर्मासपलीकडचं दिसेना. धावणारे त्या पांढऱ्यातून एकेक करून फुटायचे, नंबर ओरडायचे आणि पलीकडच्या पांढऱ्यात जायचे. अर्धे आकडे वारा खाऊन टाकायचा. एनिडची बोटं काकडीसारखी गार पडली होती आणि पेन्सिल दोनदा चिखलात पडली.

बारा वाजून दहा मिनिटांनी एक आकृती वर आली. डोक्यावरची टोपी हनुवटीखाली घट्ट बांधलेली, जाकीट गळ्यापर्यंत, डावा खांदा पडलेला, उजवा हात बाहेर उडतोय.

"क्लेम!" एनिड ओरडली. "मेल्या, दहा मिनिटं लवकर! खाल्लंयस काय आज?"

त्या आकृतीनं हात वर केला आणि ती राशीला वळसा घालून धुक्यात गेली. 'जिवंत आहेस का' नाही, काही नाही. एनिडला जरासं लागलं. मग तिनं स्वतःलाच समजावलं, की वाऱ्यात ऐकू गेलं नसेल, किंवा म्हातारा आज पेटलाय आणि दम वाचवतोय. तिनं क्लेमच्या सत्तेचाळीस नंबरसमोर खूण केली, शेजारी वेळ लिहिली आणि हात काखेत घातले.

दीड वाजता शेवटचा गडी गेला. त्याच्या मागून झाडूवाला, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी चालणारा माणूस, येऊन गेला. त्याला वाटेत कोणी भेटलं नव्हतं. एनिडनं यादी जुळवली. एकशे तेहतीस सोडून सगळ्यांसमोर खूण होती.

"ग्रॅहम, एकशे तेहतीस माझ्याकडे आला नाही."

"तो? तो कधीच खाली आला. एक वाजताच. तुझ्या हातून सुटला असेल."

"माझ्या हातून कोणी सुटत नाही."

"धुकं आहे बाई. एखादा सुटणारच. ये आता खाली, सूप गार होतंय."

एनिड खाली उतरली ती मनात चरफडत. एकतीस वर्षांत एकही खूण चुकली नव्हती आणि आता कुठल्या एकशे तेहतीसनं डाग लावला. त्या माणसाला शोधून दोन शब्द सुनवायचे, असं तिनं ठरवूनच टाकलं.

पण गावच्या सभागृहापाशी पोचली तेव्हा बक्षीससमारंभ थांबला होता. सगळ्यांचे चेहरे डोंगराकडे होते. ग्रॅहम हातात दोन याद्या घेऊन उभा होता.

"क्लेम आला नाही," तो म्हणाला.

"आला नाही म्हणजे? बारा-दहाला माझ्यासमोरून गेला!"

"म्हणूनच म्हणतोय. बारा-दहाला माथ्यावर, म्हणजे एक-सव्वापर्यंत खाली हवा. आता सव्वादोन झालेत."

माथ्यापासून खाली म्हणजे पूर्वेची बाजू. तिकडे कडे आहेत, ओढ्याच्या घळी आहेत, ओले दगड आहेत. दोन वर्षांपूर्वी तिकडेच एका कुत्र्याला दोर लावून वर काढलं होतं. क्लेम म्हातारा होता, लवकर होता, जोशात होता. कडेलोट झाला असेल, हे सगळ्यांच्या मनात आलं.

पावणेतीनला बचाव पथक आलं. त्यांची प्रमुख मॉइरा, तालुक्याच्या गावातली गुरांची डॉक्टर, ठेंगणी आणि तोंडाची तिखट. तिनं नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि एनिडला बोलावलं.

"मावशी, मला एकच गोष्ट खरी सांगा. त्याला नंबरवरून टिपलंत की चेहऱ्यावरून?"

एनिडला प्रश्न समजला. उत्तरही ठाऊक होतं. ग्रॅहम शेजारी उभा होता, त्याची बायको डोरीन चहाची किटली घेऊन उभी होती, गावातली दहाबारा माणसं कान देऊन उभी होती. नुसती चाल बघून खूण केली, असं म्हणायला तिची हरकत नव्हती, गाव त्याचंच तर कौतुक करत होतं. पण ही बाई परकी होती. तिला चाल-बिल कळणार नव्हती, ती भुवई वर करणार होती. शिवाय तासापूर्वीच एकशे तेहतीसचा डाग पडलेला. आणि तो क्लेमच होता. त्याबद्दल एनिडच्या मनात तसूभर शंका नव्हती, मग नंबर पाहिला काय आणि न पाहिला काय?

"नंबर पाहिला," ती म्हणाली. "सत्तेचाळीस. स्वच्छ."

"नक्की?"

"बाई, तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते मी त्याला."

"झालं तर मग," मॉइरा म्हणाली आणि तिनं नकाशावरच्या पश्चिमेच्या, चढणीच्या बाजूवर हात आडवा फिरवला. "ही अख्खी बाजू सोडा. सगळी माणसं पूर्वेला लावा, घळीघळीतून."

तीस माणसं पूर्वेला गेली. एनिडलाही जायचं होतं, पण तिचे पाय आता लाकडाचे झाले होते. ती डोरीनबरोबर सभागृहाच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. डोरीन संकटात हात चालले की डोकं थांबतं, या मताची. तिनं पावाच्या सहा लाद्या काढल्या, लोण्याचं भांडं एनिडपुढे सरकवलं आणि म्हणाली, "लाव. वरून येतील तेव्हा भुकेले असतील."

साडेतीन वाजता कोणीतरी मागच्या दारानं धावत आलं, डोरीननं खुंटीवरचं कोरडं जाकीट आणि बॅटरी त्याच्या हातात दिली आणि तो तसाच धावत बाहेर गेला. एनिड मोरीपाशी चाकू धूत होती. तिनं मान वर केली तेव्हा खिडकीतून गल्ली दिसत होती आणि दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून एक माणूस डोंगराकडे पळत होता. डावा खांदा पडलेला. उजवा हात कोंबड्या हाकतोय.

"आला!" एनिड किंचाळली. चाकू मोरीत पडला. "डोरीन, क्लेम आला गं! तो बघ! अगं, सांग त्यांना, मेला सुखरूप आहे, तो बघ तिथं पळतोय!"

डोरीन धावत खिडकीशी आली. बघितलं. मग तिनं एनिडच्या दंडावर हात ठेवला.

"अगं, तो रोवन."

"कोण रोवन?"

"क्लेमचा रोवन. आज सकाळी आला ना लीड्सहून. शर्यतीत धावला. बाबांना सांगू नका म्हणाला, शेवटाला उभा राहून चकित करतो म्हणाला. सुटताना मागच्या गर्दीत टोपी ओढून उभा होता. ग्रॅहमनं मुद्दाम तुलाही सांगितलं नाही, तुझ्या पोटात राहायचं नाही म्हणून. बिचारा, खाली येऊन तासभर हिरवळीवर वाट बघत बसला बापाची. तेव्हापासून वेड्यासारखा वर-खाली करतोय. तूसुद्धा फसलीस बघ. पाठमोरा अगदी बापच."

"त्याचा नंबर काय होता?" एनिडनं विचारलं.

"काय की. शेवटच्यांत घातला होता ग्रॅहमनं. एकशे तीसच्या पुढे."

डोरीन परत पावाकडे वळली. एनिड खिडकीपाशीच राहिली. तोवर गल्ली रिकामी झाली होती.

तिला सगळं कळलं होतं. कळायला क्षणही लागला नव्हता. दहा मिनिटं लवकर. एक शब्द नाही. एकशे तेहतीस खाली आला पण वर दिसला नाही. बारा-दहाला तिच्यासमोरून मुलगा गेला होता. बाप तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तो पश्चिमेला होता, मेंढवाडा आणि माथा यांच्या मधे, आणि तीस माणसं डोंगराच्या दुसऱ्या बाजूला त्याला हाका मारत होती.

आता सांगायचं. दाराबाहेर ग्रॅहम वॉकीटॉकी घेऊन उभा होता, दहा पावलांवर. जाऊन दोन वाक्यं बोलायची.

एनिडनं चाकू उचलला आणि पावाला लोणी लावायला घेतलं.

असं का केलं, हे तिला नंतर कितीही वेळा विचारलं असतं तरी धड सांगता आलं नसतं. तिनं हिशेब मांडायला घेतला होता. समजा, बारा-दहाला गेला तो रोवन. पण म्हणून क्लेम गेलाच नाही, असं कुठं आहे? तोही गेला असेल मागून, आणि नंबर न ओरडता गेला असेल, आणि आपण हात काखेत घालून उभे असू. हो, तसंच असेल. मग उगाच माणसं पश्चिमेला वळवली आणि तो पूर्वेला घळीत पडलेला असला तर? तिनं एक पाव लावला, दुसरा लावला. मागून कोण कोण गेलं ते ती आठवू लागली. धुक्यातून पुन्हा पुन्हा एकच आकृती यायची आणि हात वर करून जायची. आणि या सगळ्याच्या तळाशी मॉइराचा चेहरा होता. नंबर पाहिला. सत्तेचाळीस. स्वच्छ. आता जाऊन सांगायचं की पाहिला नव्हता. गावासमोर. एकतीस वर्षांनी. एनिडला स्वतःचीच किळस आली आणि तरी हात लोणी लावतच राहिले, कडेपर्यंत, कोपऱ्यापर्यंत, जणू कोणी तपासणारच होतं.

"पुरे गं," डोरीन म्हणाली. "रणगाड्याला लावतेस का एवढं?"

भिंतीवरच्या घड्याळात चाराला दहा कमी होते. एनिडनं चाकू खाली ठेवला, हात पुसले आणि बाहेर गेली.

"ग्रॅहम, नंबर मी पाहिला नव्हता."

"काय?"

"क्लेमचा नंबर. चाल बघून खूण केली. तो क्लेम नव्हता, रोवन होता. क्लेम माझ्याकडे आलाच नाही. तो पश्चिमेला आहे. सांग त्यांना. सांग लवकर!"

ग्रॅहमचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू चर्चचा मनोराच येऊन त्याच्याशी बोलला होता. मग तो वॉकीटॉकीत ओरडू लागला.

पुढचं एनिडनं वॉकीटॉकीतून ऐकलं, तुकड्यातुकड्यांनी. पथक परत वर चढत होतं. रोवन सगळ्यांच्या पुढे होता. तो म्हणत होता, बाबांची वाट मला ठाऊक आहे, त्यांनी लहानपणी एकट्या मला दाखवलीये, मेंढवाड्याच्या वरून डावीकडे, पडक्या गडग्याच्या कडेकडेनं, जिथून कोणी जात नाही. मग बराच वेळ नुसती खरखर. मग पाच वाजायला वीस मिनिटं असताना मॉइराचा आवाज आला. सापडला, एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरूनच तो गेलाय हे सगळ्यांना कळलं.

पडक्या गडग्याच्या दोन दगडांमधे त्याचा घोटा अडकून मोडला होता. तिथून तो चाळीस पावलं सरपटत गडग्याच्या आडोशाला गेला होता. जाकीट अंगात होतं, शिट्टी गळ्यात होती. शिट्टीच्या तोंडाला दातांच्या खुणा होत्या. पश्चिमेचा वारा वाजत होता, त्या गारठ्यानंच त्याचा जीव घेतला, आणि शिट्टी ऐकायला त्या बाजूला कोणी नव्हतं.

त्याला खाली आणलं तेव्हा अंधारून आलं होतं. गल्लीच्या दोन्ही कडांना माणसं टोप्या काढून उभी राहिली. एनिडही राहिली. पुढे जाऊन चादर बाजूला करून बघायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे तिला ठरवता येईना. तोवर स्ट्रेचर पुढे निघूनही गेलं.

आणि मग गावानं जे केलं ते एनिडला सोसवेना. गाव चांगलं वागलं. ग्रॅहमनं तिच्या खांद्यावर हात टाकला. "धुक्यानं घात केला, एनिड. तिथं कोणीही चुकलं असतं. आणि नावं मी दिली नाहीत, माझीही चूक आहेच." डोरीननं तिला मिठी मारली. मॉइरा तेवढी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला." तीच काय ती खरं बोलली, आणि लोकांनी तिच्याकडे रागानं पाहिलं.

सहा वाजता स्वयंपाकघरात एनिड आणि रोवन दोघंच राहिले. रोवन स्टुलावर बसला होता, अंगावर घोंगडी, पायावर चिखल वाळलेला. एनिडनं त्याला चहा दिला. चौतीस वर्षांचा मुलगा तो, पण कप दोन्ही हातांनी धरला होता, ताप आलेल्या पोरानं धरावा तसा.

"गळ्यापाशी ऊब होती अजून," तो म्हणाला. "मॉइरा म्हणाली, फार वेळ झाला नव्हता."

एनिडनं किटली परत शेगडीवर ठेवली.

"माथ्यावर तू मला हाक मारलीस ना? क्लेम म्हणून? वाऱ्यात काहीतरी ऐकू आलं मला. वाटलं, एनिड मावशीनं ओळखलं. म्हणून हात केला." तो हसल्यासारखं करू लागला आणि त्याला ते जमलं नाही. "सगळे म्हणतायत बाबांसारखा धावतो. ते स्वतः तर म्हणायचे, बदक बरं तुझ्यापेक्षा."

"तू त्यांच्यासारखाच धावतोस."

"मावशी, एक सांगू? कोणाला राग येवो न येवो, मला तुझा राग नाही आला. चुकलीस, पण कळल्याबरोबर सांगितलंस. दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं, धुक्यावर ढकललं असतं. तू सांगितलंस म्हणून निदान मीच शोधलं त्यांना. नाहीतर रात्रभर तिथं..."

इथं गप्प बसता आलं असतं. त्यानं स्वतःहून माफ केलं होतं, गावानं माफ केलं होतं. खिडकीपाशी काय झालं ते डोरीनलासुद्धा कळलं नव्हतं. आयुष्यभर कळलं नसतं. रोवन आता इथं येत राहिला असता, रविवारी जेवायला आला असता, तिनं त्याच्या कोटाची बटणं लावली असती. हे सगळं एनिडला एका क्षणात दिसलं आणि हवंहवंसं वाटलं, इतकं की तिची तिलाच भीती वाटली.

"कळल्याबरोबर नाही," ती म्हणाली.

"काय?"

"कळल्याबरोबर नाही सांगितलं. तू साडेतीनला जाकीट न्यायला आलास. मी खिडकीतून तुला पळताना पाहिलं. तेव्हाच कळलं. ग्रॅहमला सांगितलं ते चाराला दहा कमी असताना."

रोवननं कप खाली ठेवला.

"वीस मिनिटं?"

"वीस."

"काय करत होतीस?"

"पावाला लोणी लावत होते."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल, असं तिला वाटलं होतं, आणि आला असता तर बरं झालं असतं. पण तो नुसता विचार करत होता, वेळ आणि वाट यांचा मेळ घालत होता, डोंगरातली माणसं घालतात तसा.

"साडेतीनला मी या गल्लीत होतो," तो हळूहळू म्हणाला. "गल्लीच्या टोकाला फाटक आहे. तिथून पूर्वेचा रस्ता उजवीकडे जातो आणि मेंढवाड्याचा डावीकडे. मी त्या फाटकापाशी उभा राहिलो होतो, मावशी. चांगला मिनिटभर. मनात येत होतं, डावीकडे जावं. त्यांच्या वाटेनं जावं. तिथून मी पाऊण तासात पोचलो असतो. म्हणजे सव्वाचारला. पण म्हटलं, नाही, मावशीनं त्यांना माथ्यावर पाहिलंय. नंबरसकट पाहिलंय. मावशी चुकत नाही." त्यानं घोंगडी काढून स्टुलावर ठेवली, नीट घडी घालून. "फाटकापर्यंत तुझी हाक पोचली असती. नुसती खिडकी उघडून मारली असतीस तरी."

रोवन उठला, बाप ठेवला होता त्या पलीकडच्या खोलीत गेला आणि त्यानं दार आतून लावून घेतलं. ती दारापर्यंत गेली, पण ठोठावलं नाही.